दुसरा गिअर

यादी मी शाईपेनाने केली होती:
ट्रॅक्टर, बटाटे उकरायचं यंत्र, दाताळं, ढकलगाडी, चाकासकट.
पैसे कैदोच्या बुटात,
कारण सौद्याला जाताना खिसा फुगलेला दिसू नये
असं त्याच्या काकाचं मत.

तार्तूत मी सोळा वर्षं औषधं विकली.
गोळ्यांच्या प्रत्येक पट्टीवर तारीख असते,
कधीपर्यंत चालेल त्याची.
इथे शेडमध्ये कशावरच तारीख नव्हती.

व्हरूच्या पुढे, डांबर संपतं तिथून डावीकडे.
एन्देल दारातच उभा.
"उशीर केलात," म्हणाला.
आम्ही दहा मिनिटं आधी पोचलो होतो.
मग लक्षात आलं, तो एप्रिलबद्दल बोलत होता.

ट्रॅक्टर निळा होता म्हणे.
आता ज्या रंगाचा आहे त्याला नाव नाही.
तासांचा काटा चौऱ्याऐंशी साली थांबला,
"त्यानंतरचं काम त्यानेही मोजलं नाही, मीही नाही.
पाणी मागत नाही. हवेवरच थंड होतो."
कैदो जाणकारासारखा टायरला लाथ मारून बघत होता,
आणि एन्देल टायरकडे नाही,
त्याच्या बुटाकडे बघत होता.

"दुसरा गिअर निसटतो.
चढावर गुडघ्याने दाबून धरायचा. असा."
वर चढून दाखवलं त्याने, दांडीला उजवा गुडघा लावून.
अंगणात दोरीवर तीन पँटी वाळत होत्या,
तिन्हींना ठिगळ, तिन्हींना उजव्याच गुडघ्यावर.

"ब्याण्णवमध्ये पंख्याचा पट्टा तुटला.
दुकानं रिकामी. खिशातला पैसा कुठल्या देशाचा तेही कळेना.
साल्मेने पायातला नायलॉनचा मोजा काढून दिला.
सगळा हंगाम काढला त्यावर."

मी मान खाली घातली.
वाटलं, आता साल्मेच्या आठवणी निघणार,
कधी गेली, कशाने गेली.
तेवढ्यात घरातून साल्मेच बाहेर आली, हाताला पीठ.
"एक तास," ती म्हणाली. "एक तास चालला तो मोजा.
आणि नवा होता."

एन्देलने एकोणतीसशे युरो सांगितले.
कैदो म्हणाला, पंचवीस.
मग कोणीच काही बोललं नाही.
आमच्याकडे सौदा असाच होतो,
जो आधी तोंड उघडेल तो बुडाला.
छपरावरून बर्फाचं पाणी ठिबकत होतं, तेवढंच.
शेवटी साल्मे: "सत्तावीस. आणि आजच न्या.
परवा हा वर चढला
आणि उतरवायला शेजाऱ्याला बोलवावं लागलं."
एन्देल टोपीच्या आतलं अस्तर बघत राहिला.

कैदोने बूट काढला.
साल्मेने नोटा झटकून बॉनेटवर मोजल्या,
नाक मुरडलं नाही, हे तिचं मोठेपण.

यादीतली ढकलगाडी मिळाली नाही.
यादीत नसलेली दगड ओढायची लाकडी घसरण मिळाली, फुकट.
"बटाट्यांच्या आधी दगडच उगवतात," साल्मे म्हणाली.
एन्देलने विचारलं, जमीन कुठली?
सांगितली.
पहिल्यांदाच त्याचा चेहरा हलला.
"ओढ्याकडच्या आल्डरपासून वीस पावलं. बैलाएवढा आहे.
कोल्होजात असताना दोन नांगर मोडलेत मी त्याच्यावर.
त्याच्या नादी लागू नका. वळसा घाला."

परतीच्या वाटेवर मी ट्रॅक्टरवर, कैदो मागे व्हॅनमध्ये,
त्याच्या मागे अकरा गाड्या.
एकानेही हॉर्न वाजवला नाही,
किंवा वाजवला असेल,
त्या धडधडीत मला माझं नावही ऐकू आलं नसतं.
तीन चढ लागले.
तिन्ही वेळा दुसरा गिअर निसटायला बघत होता,
तिन्ही वेळा मी धरून ठेवला.

रात्री फोन. एन्देल.
"पोचला का?"
पोचलात का, नाही. पोचला का.
पोचला, म्हटलं.
त्याने ठेवून दिला.

मग दिव्याखाली बसून पँट वर केली.
उजवा गुडघा निळा झाला होता.
ट्रॅक्टर निळा होता म्हणे,
तो बहुतेक असाच असणार.